राजघराण्याची स्मृतिचिन्हं चांदीत: आधी छाप वाचा, मग मजकूर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटिश राजघराण्याच्या प्रसंगांवर निघालेली चांदीची भांडी जमवायला सुरुवात करायची आहे आणि समोर दोन वस्तू आल्या आहेत. एक चमचा, त्यावर सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची ‘२६ जून १९०२’ ही तारीख. पण राज्याभिषेक तर ९ ऑगस्टला झाला, मग हा चमचा खोटा का? दुसरी वस्तू म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथच्या १९७७ च्या रौप्यमहोत्सवाचा पेला: मखमली पेटी, प्रमाणपत्र, बुडावर ‘मर्यादित आवृत्ती’चा क्रमांक. विक्रेता म्हणतो, फार दुर्मीळ आहे. शिवाय, यात पैसे गुंतवावेत का?

गुंतवणुकीचं आधी सांगतो. त्या हिशेबाने या वाटेला जाऊ नका. चांदी म्हणून चांदी हवी असेल तर विटा आणि नाणी सरळ पडतात. इथे घडणावळ, पेटी आणि विक्रेत्याचा नफा पहिल्याच दिवशी अंगावर येतो, आणि विकायला गेलं की बहुतेक वस्तूंना मोडीच्या भावाच्या आसपासच गिऱ्हाईक मिळतं. छंद म्हणून मात्र हा फार समाधान देणारा प्रकार आहे, कारण ब्रिटिश चांदीवर तिची कुंडलीच ठोकलेली असते. ती वाचता यायला लागली की राजाराणीच्या चित्रांना आणि कोरलेल्या मजकुराला किती भाव द्यायचा ते कळू लागतं. माझं मत ठाम आहे: वस्तू आधी तिच्या सालची चांदी म्हणून पटली पाहिजे, राजघराणं त्यानंतर.

आता चमचा. जूनची तारीख त्याच्या विरोधात जात नाही, उलट त्याच्या बाजूने बोलते. राज्याभिषेक २६ जून १९०२ लाच ठरला होता. दोन दिवस आधी, २४ जूनला, राजाच्या पोटात अपेंडिक्सपाशी झालेल्या गळवावर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी शस्त्रक्रिया केली आणि सोहळा ९ ऑगस्टवर गेला. तोवर दुकानांत माल भरून झाला होता. चमचे, बश्या, मग, पदकं, सगळ्यांवर जूनचीच तारीख. म्हणून जूनच्या तारखेच्या वस्तू आजही हव्या तितक्या सापडतात आणि ऑगस्टची तारीख असलेल्या त्या मानाने कमी. ‘चुकीच्या तारखेचा दुर्मीळ नग’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर हसून पुढे जा.

खरी तपासणी चमच्याच्या पाठीवर करायची. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दांड्याच्या मागचे बारीक ठसे बघा. इंग्लंडमध्ये तपासून घेतलेल्या चांदीवर साधारण चार ठसे असतात. एक कारागिराची किंवा पेढीची आद्याक्षरं. दुसरा चालता सिंह, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. तिसरा ठसा ज्या कार्यालयाने कस तपासला त्याचा: लंडनसाठी बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमसाठी जहाजाचा नांगर, शेफील्डसाठी मुकुट (१९७५ पासून गुलाब). एडिंबराचा किल्ला असेल तर सिंहाच्या जागी १९७५ पूर्वीच्या मालावर काटेरी थिसलचं फूल दिसेल. चौथा ठसा म्हणजे वर्षाचं अक्षर, आणि नवखे लोक गोंधळतात ते इथेच.

गोंधळ असा. १९७५ पर्यंत हे अक्षर एक जानेवारीला बदलत नसे. लंडनचं मे महिन्यात बदलायचं, बर्मिंगहॅमचं जुलैत. छापील तक्त्यात मात्र अक्षरासमोर एकच साल दिलेलं असतं, ते अक्षर सुरू झालं त्या वर्षाचं. आता विचार करा: जून १९०२ च्या सोहळ्यासाठी बर्मिंगहॅममध्ये घडवलेला चमचा तपासणीला केव्हा गेला असेल? वसंतात, फार तर जूनच्या सुरुवातीला. त्यावर लहान लिपीतलं ‘बी’ हवं, आणि तक्त्यात ‘बी’समोर लिहिलंय १९०१. लंडनचा असेल तर बहुधा ‘एफ’, तेही १९०१ समोरच. ‘१९०१ चा चमचा, त्यावर १९०२ चा राज्याभिषेक, म्हणजे काहीतरी गडबड’ असं म्हणून लोक चांगले चमचे परत करतात. गडबड उलट बाजूला असते. १९०५ चं अक्षर आणि जून १९०२ चा मजकूर असा जोड दिसला तर मात्र विचारा, कारण सोहळा होऊन तीन वर्षांनी आधीच्या तारखेचे चमचे कोण घडवत बसलं होतं?

नुसतं अक्षर जुळून भागत नाही. बर्मिंगहॅमची वर्णमाला साधारण पंचवीस वर्षांनी पुन्हा सुरू होते, लंडनची वीस वर्षांनी, म्हणजे प्रत्येक फेरीत एक ‘बी’ येतो. फरक असतो तो अक्षराच्या वळणात आणि भोवतीच्या ढालीच्या आकारात. हे दोन्ही तक्त्याशी ताडून बघा. तुमच्या चमच्यावर ठसे असे नीट जुळत असतील तर बिनधास्त घ्या. १९०२ चे साधे चमचे महाग नसतात. टोकाला मिन्याचं काम असेल तर ते तिरप्या उजेडात फिरवून बघा. मिना काचेचा असतो, टवका उडाला की तो राळेने भरतात, आणि भरलेल्या जागी चमक मंद पडते.

राजाराणीच्या मुंडक्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. १७८४ ते १८९० या काळात ब्रिटनमध्ये चांदीवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून राज्य करणाऱ्या राजाचं किंवा राणीचं मुंडकं ठोकत. म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळात १८९० पर्यंत घडलेल्या साध्या साखरेच्या चिमट्यावरही राणीचं मुंडकं असतं. तो जुबिलीचा ठसा नव्हे, कर भरल्याची पावती आहे. ‘राणीच्या सुवर्णमहोत्सवाचा खास शिक्का’ म्हणून १८८७ ची चांदी विकणारे भेटतात. काहींना खरंच माहीत नसतं, काहींना चांगलंच माहीत असतं.

याचा तपासणीत फार सुरेख उपयोग होतो. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवी वस्तूवर कराचं मुंडकं असणारच. १८९७ च्या हीरकमहोत्सवी वस्तूवर ते असता कामा नये, कारण कर सात वर्षं आधी गेला होता. १८९७ चा मजकूर आणि ठशांत राणीचं मुंडकं अशी तबकडी दिसली तर वस्तू मजकुरापेक्षा जुनी आहे, एवढं नक्की. मग कदाचित घरातली जुनी तबकडी कुणीतरी १८९७ मध्ये कोरून भेट दिली असेल, तसं होत असे. किंवा मजकूर अलीकडे कोरला असेल. यातलं काय घडलं हे ओळखायची रीत पुढे सांगतो.

खऱ्या अर्थाने स्मृतीचा ठसा पहिल्यांदा आला तो १९३५ मध्ये, पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या रौप्यमहोत्सवाला. दोघांची मुंडकी एकाच ठशात, एकापुढे एक. हा ठसा ऐच्छिक होता, त्यामुळे १९३५ च्या वस्तूवर तो नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. त्यानंतर १९५३ च्या राज्याभिषेकाला दुसऱ्या एलिझाबेथचं उजवीकडे पाहणारं मुंडकं, १९७७ च्या रौप्यमहोत्सवाला डावीकडे पाहणारं, मग २००२, २०१२ आणि २०२२ चे महोत्सव, आणि २०२३ मध्ये चार्ल्सच्या राज्याभिषेकाचा ठसा. १८९७, १९०२, १९११, १९३७ या सालांना असा खास ठसा नव्हताच. त्या सालांच्या वस्तूवर ‘राज्याभिषेकाचा अधिकृत शिक्का’ आहे असं कुणी म्हणालं तर भिंग पुढे करा आणि दाखवा म्हणा.

माझ्या दृष्टीने या छंदातला सर्वांत गोड कोपरा म्हणजे १९३५ चे मुके नग. टोस्ट ठेवायची जाळी, रुमालाची कडी, मोहरीची कुपी, साखरेचा चिमटा. वर ना मुकुट, ना तारीख, ना एक शब्द. पाठीमागे मात्र ओळीने कारागीर, सिंह, कार्यालय, अक्षर आणि शेवटी ती जोडमुंडकी. बहुतेक विक्रेते ते रोजच्या वापरातली चांदी म्हणून विकतात, कारण त्यांनी पाचवा ठसा बघितलेलाच नसतो. १९५३ च्या ठशाचंही तेच. कमी पैशांत सुरुवात करायची असेल तर मी हीच सुचवेन: एका प्रसंगाचा ठसा धरा आणि तो वेगवेगळ्या कार्यालयांच्या, वेगवेगळ्या कारागिरांच्या वस्तूंवर गोळा करा. महोत्सव ६ मे १९३५ चा असल्यामुळे लंडनचं ‘टी’ आणि बर्मिंगहॅमचं ‘के’ ही अक्षरं जास्त दिसतील. तक्त्यात दोन्हींसमोर १९३४ लिहिलेलं असतं, ते का हे आता सांगायला नको.

आता तुमचा पेला. तो बहुधा अस्सल चांदीचाच असेल. १९७५ पासून सर्व कार्यालयांनी एकच अक्षर आणि एकच जानेवारी धरली, त्यामुळे १९७७ साठी सगळीकडे मोठ्या लिपीतलं ‘सी’ शोधायचं आणि शेजारी राणीचं मुंडकं. दोन्ही असतील तर चांदीबद्दल प्रश्न मिटला. दुर्मीळपणाबद्दल मात्र नाही. ‘१००० पैकी २५०’ असा क्रमांक जास्तीत जास्त किती घडवायचे ठरवलं होतं ते सांगतो. त्यातले किती खपले, किती उरले हे प्रमाणपत्रावर नसतं. शिवाय त्या वर्षी पेले, थाळ्या, घंटा, चमचे, गळ्यात घालायच्या चांदीच्या विटा यांच्या इतक्या मर्यादित आवृत्त्या निघाल्या की मर्यादा प्रत्येक वस्तूला होती, एकूण मालाला नव्हती. क्रमांक लहान असला तर किंमत जास्त, हेही इथे लागू नाही. छापील चित्रात पहिल्या प्रती जास्त रेखीव उठतात म्हणून लहान आकड्याला मान असतो. पेल्यांत पहिला आणि नऊशेवा सारखेच.

या मालाच्या इतिहासात एक उपकथानक आहे. १९७७ मध्ये चांदी औंसाला पाच डॉलरच्या आतबाहेर होती. जानेवारी १९८० मध्ये, अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या खरेदीच्या सपाट्यात, ती पन्नासच्या जवळ पोचली. घरोघरची चांदी भट्टीकडे धावली, आणि जड, नवीकोरी, भावनिक गुंतवणूक नसलेली स्मृतिचिन्हं कुणी राखून ठेवायची? तरीही बाजारात १९७७ चा माल आजही भरपूर आहे.

तेव्हा पेल्याचं गणित साधं ठेवा. पेटीतून काढा, तोला. समजा ३०० ग्रॅम भरला. हजारात ९२५ धरून शुद्ध चांदी २७७.५ ग्रॅम, म्हणजे ट्रॉय औंसात (एक औंस ३१.१ ग्रॅम) जेमतेम ८.९. याला त्या दिवसाच्या भावाने गुणा. पेटी, प्रमाणपत्र आणि चांगली अवस्था यांच्यासाठी त्यावर थोडं द्या, फार नको. अपवाद एकच: घडवणाऱ्याचं नाव. आद्याक्षरांवरून तो जेराल्ड बेनी किंवा स्टुअर्ट डेव्हलिन यांच्या कार्यशाळेतला निघाला तर तोलून किंमत करू नका. बेनीच्या भांड्यांवरचा झाडाच्या सालीसारखा खडबडीत पोत आणि डेव्हलिनच्या सोनेरी मुलाम्याच्या दांड्या एकदा बघितल्या की विसरत नाहीत. तिथे राणीचा महोत्सव हे निमित्त असतं आणि लोक त्या माणसाचं काम विकत घेतात. पेटीच्या अस्तरावर जे नाव छापलेलं असतं ते बहुतेकदा दुकानाचं, ठशातली आद्याक्षरं ज्याने तपासणीला पाठवलं त्याची. दोन्ही एकच समजू नका.

तोलण्याचा हा हिशेब सगळीकडे चालत नाही. मेणबत्तीच्या समया आतून राळ आणि धातूने भरलेल्या असतात, सुऱ्यांच्या मुठीही तशाच, आणि चषकाच्या लाकडी बैठकीला चांदीचा नुसता पट्टा असतो. ‘ईपीएनएस’ ही चार अक्षरं दिसली तर वरचा चांदीचा थर विजेने चढवलेला आहे आणि आत निकेलचा मिश्रधातू. अशा मालावरचे ठसेही लांबून हॉलमार्कसारखे दिसावेत असे चौकटीत बसवलेले असतात. सिंह (किंवा जुन्या एडिंबराच्या मालावर थिसल) आहे का ते बघा. नसेल तर चर्चा संपली.

मजकूर जुना की नवा, हे ओळखणं हाताने शिकायचं काम आहे. तबकडी खिडकीशी धरा, उजेड जवळजवळ आडवा येऊ द्या. जुन्या भांड्यावर वापराचे, पुसण्याचे शेकडो बारीक ओरखडे असतात. एखादा ओरखडा अक्षराच्या काठापर्यंत जातो तिथे भिंग लावा. ओरखडा अक्षराच्या उतारात उतरून पलीकडे गेला असेल तर अक्षर आधीचं. अक्षराने ओरखडा कापला असेल, म्हणजे तो काठावर तुटून पलीकडे पुन्हा सुरू होत असेल, तर अक्षर नंतरचं. जुन्या कोरणीचे काठ शंभर वर्षांच्या पुसण्याने बोथट होतात. बोट फिरवलं तर कुठेही टोचत नाही. ताज्या कोरणीला धार असते आणि चरीचा तळ चकाकतो. हाताने कोरलेली रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये जाड, शेवटी पुन्हा बारीक होते. यंत्राची रेघ एकसारख्या खोलीची असते. १९११ चा मजकूर आणि तळ चकाकणारी एकसारखी रेघ हे सोबत जात नाही.

उलट प्रकारही होतो: जुना नको असलेला मजकूर घासून काढून मोकळ्या जागी राजघराण्याचा चढवतात. पत्रा तिथे पातळ झालेला असतो. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबा, दबून परत उसळला तर समजा. आणि भांड्यावर तोंडाची वाफ सोडून बघा. वाफ बसते आणि उडते त्या क्षणात झाळणाच्या रेषा उठून दिसतात. ठशांच्या भोवती अशी चौकोनी किंवा गोल रेषा उमटली तर ते ठसे दुसऱ्या, लहान वस्तूतून कापून इथे बसवलेले आहेत. अशा वस्तूला हात लावू नका. ब्रिटनमध्ये अशी संशयित चांदी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमधली जुन्या चांदीची समिती तपासते.

आठव्या एडवर्डबद्दल थोडक्यात, कारण पुढचा प्रश्न तोच येईल. १२ मे १९३७ ला ठरलेला त्याचा राज्याभिषेक झालाच नाही. ११ डिसेंबर १९३६ ला त्याची राजवट संपली आणि मे महिन्यातल्या त्या ठरलेल्या तारखेला भावाला, सहाव्या जॉर्जला, मुकुट चढला. ‘न झालेल्या राज्याभिषेकाची वस्तू म्हणजे दुर्मीळ’ हा समज चिवट आहे. माल आधीच प्रचंड निघाला होता, आणि लोकांनी कुतूहल म्हणून तो जपूनही ठेवला. चांदीत तो चिनी मातीइतका नाही, पण दुर्मीळ म्हणण्याइतका कमीही नाही.

अभिषेकाच्या चमच्याच्या प्रतिकृती हा स्वतंत्र संग्रह होऊ शकतो, आणि एकच प्रकार जमवायचा म्हटलं तर मी तो निवडेन. मूळ चमचा बाराव्या शतकातला, वाटी मधोमध उभ्या कडेने दोन भागांत विभागलेली. आर्चबिशप त्यात दोन बोटं बुडवून राजाला तेल लावतात. १६४९ नंतर राजचिन्हं मोडीत निघाली तेव्हा राजवाड्यातल्या क्लेमंट किनर्स्ली नावाच्या कर्मचाऱ्याने तो सोळा शिलिंगांना विकत घेतला आणि राजेशाही परतल्यावर दुसऱ्या चार्ल्सला परत दिला. विसाव्या शतकातल्या प्रत्येक राज्याभिषेकाला याच्या प्रतिकृती निघाल्या: चांदीवर सोन्याचा मुलामा, लहानमोठ्या आकारात, साटिनच्या अस्तराच्या लांबट पेटीत. १९०२, १९११, १९३७ आणि १९५३ असे चार चमचे शेजारी ठेवले की कारागिरी कुठे मनापासून आहे आणि कुठे साचा झिजेपर्यंत वापरलाय ते लगेच दिसतं. वाटीतली मधली कड आणि दांड्यावरची वेलबुट्टी यांच्याकडे बघा. ओबडधोबड असतील तर पुढचा नग येईपर्यंत थांबा. मुलाम्याखाली ठसे बुजतात, म्हणून विक्रेत्याकडून ठशांचा जवळून काढलेला फोटो मागूनच घ्या. हेच चमचे ‘ईपीएनएस’वर मुलामा देऊनही निघालेत आणि पेटीत दोन्ही सारखेच दिसतात.

लिलावात घेणार असाल तर हातोडा पडलेल्या किमतीवर लिलावघराचं कमिशन आणि त्या कमिशनवर कर लागतो, हे बोली लावण्याआधी धरा.

घरी आणल्यावर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उत्साहाने केलेलं पॉलिश. प्रत्येक घासणीत चांदीचा थोडा थर जातो आणि ठसे सगळ्यात आधी झिजतात. काळपटपणा गंधकामुळे येतो, म्हणून चमच्यांना रबरबँड लावू नका, लोकरी कापडात गुंडाळू नका, वर्तमानपत्रात तर अजिबात नको. काळवट न होऊ देणारं खास कापड मिळतं, ते घ्या, आणि जुन्या पेटीच्या अस्तराला कुबट वास येत असेल तर वस्तू बाहेर आणि पेटी वेगळी ठेवा. पण पेटी टाकू नका. बुडवून चकाकवणारी द्रावणं मिन्याच्या आणि मुलाम्याच्या वस्तूंना वर्ज्य. अभिषेकाचे चमचे आणि आतून सोनेरी असलेले पेले कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन मऊ सुती कापडाने टिपले की पुरे. त्यांना पॉलिश कधीच लावायचं नाही, कारण मुलामा केसाहून पातळ असतो आणि खालची पांढरी चांदी एकदा डोकावली की नवा मुलामा दिल्याशिवाय ती झाकत नाही, आणि नवा मुलामा दिलेली वस्तू जाणकार गिऱ्हाईक लगेच ओळखतं.